राज्य कोणावर?

कोपरखैरण्यातील आमच्या सेक्टरमध्ये महापालिकेचे एक लहानसे उद्यान आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक सीसॉ, मधोमध मोकळी जागा, भोवती चार-पाच बाके आणि कुंपणाच्या कडेने लावलेली सदाफुली. दुपारी त्याचे फाटक बंद असते. चार वाजता ते उघडते. गेले काही महिने मी आणि माझी साडेपाच वर्षांची लेक चारला पाच मिनिटे कमी असतानाच त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहतो. साडेचारनंतर शाळा सुटलेल्या मुलांची गर्दी होते, आणि गर्दी तिला वर्ज्य आहे. त्यामुळे रोज फार तर अर्धा-पाऊण तास आमच्या वाट्याला येतो.

लेकीला रक्ताचा कर्करोग झाला आहे. ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ हे त्याचे वैद्यकीय नाव. हा लेख आत्मकथनपर व्हावा अशी माझी इच्छा नाही. परंतु जे मांडायचे आहे ते या मैदानावरच सुचले, म्हणून प्रारंभी एवढे सांगणे भाग आहे. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला कोठेही गेले तरी आपल्या विषयाशी निगडित प्रश्न पडतात. मला पडलेला प्रश्न असा : आपल्या लेखनात आणि आपल्या बोलण्यात आजारी मुलाला आपण कधी खेळू देतो का?

आधी आजाराविषयी थोडे. मुलांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. एके काळी त्यावर उपायच नव्हता. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाला विरोध करणारे औषध देऊन काही मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटवला, आणि ज्या संशोधनातून ती औषधे तयार झाली त्यामागे आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेची माहिती सांगते. निदान लवकर झाले आणि उपचार मध्येच सुटला नाही, तर आशेला जागा असते. मात्र हा उपचार लांबलचक असतो. पहिले काही महिने तीव्र औषधांचे, आणि त्यानंतर रोजच्या गोळ्यांचा दीर्घ काळ. सगळे मिळून दोन ते तीन वर्षे.

या काळात पांढऱ्या पेशींचा आकडा घराचा कारभार चालवतो. त्यांतील न्यूट्रोफिल पेशी पाचशेच्या खाली गेल्या, की साधा तापही धावपळ करायला लावतो. आकडा बरा असला, की डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते : बाहेर न्या, पण गर्दीत नको, मातीत नको, आजारी मुलांजवळ नको, आल्यावर हात धुवा. कोपरखैरण्यात ‘गर्दीत नको’ ही अट पाळणे सोपे नाही. सिडकोने माथाडी कामगारांसाठी आखलेल्या छोट्या भूखंडांवरील बैठ्या घरांवर आता मजले चढले आहेत. गल्ल्यांच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या असतात. सातारा-सांगलीहून बाजार समितीत ओझी उचलण्यासाठी आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी या गल्ल्यांत वाढते आहे, आणि एवढ्या मुलांना धावायला जागा म्हणजे सेक्टरची उद्याने. जुनी क्षेपणभूमी बंद करून तिच्यावर उभारलेले निसर्ग उद्यान याच कोपरखैरण्यात आहे; जेथे शहराचा कचरा पडत असे तेथे आज मुले धावतात. पण रविवारी तेथे माणूस मावत नाही. म्हणून आम्हांला आमचे लहान उद्यान आणि चारची वेळच बरी.

आता साहित्याकडे वळते. आजारी किंवा गेलेले मूल म्हटले, की मराठी वाचकाला गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ आठवते. मूल गेलेले आहे आणि आई ते झोपले आहे असे समजते, ही त्या कवितेतील कल्पना पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना रडवत आली आहे. कवितेच्या सामर्थ्याविषयी मला शंका नाही. पण तिच्यात मूल गप्प आहे, आणि बोलते ती आई. दुःख मोठ्यांचे आहे; मूल त्या दुःखाचे निमित्त आहे. करुणरसाच्या आपल्या परंपरेत मुलाची जागा बहुधा अशीच राहिली : खाटेवर, मांडीवर किंवा आठवणीत. मैदानावर तर नाहीच.

याला एक मोठा अपवाद बंगालीत आहे. रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ (१९१२) या नाटकातील अमल हा आजारी मुलगा. शरद ऋतूतील ऊन आणि वारा त्याला बाधेल, म्हणून कविराजाने त्याला घराबाहेर जाण्यास मनाई केली आहे. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी बोलतो, पहारेकऱ्याशी बोलतो, फुले वेचायला निघालेल्या सुधेशी बोलतो. रवींद्रनाथांनी स्वतः १९०३ साली मुलगी रेणुका आणि १९०७ साली मुलगा शमींद्रनाथ गमावला होता; खिडकीच्या अलीकडचे घर त्यांना ठाऊक होते. मला या नाटकातील सर्वांत हलवून सोडणारा प्रसंग शेवटचा वाटत नाही. खेळायला निघालेली मुले खिडकीखालून जातात, अमल त्यांना आपली खेळणी देऊन टाकतो, आणि मोबदल्यात एवढेच मागतो, की त्यांनी त्याच्या खिडकीसमोर खेळावे. तो खेळणार नाही हे सर्वांनी, त्याच्यासकट, गृहीत धरले आहे. त्याला फक्त पाहायचे आहे. हा प्रसंग मी वर्गात अनेकदा शिकवला. त्यातील क्रौर्य मला अलीकडेच दिसले.

याच नाटकाचा प्रयोग वॉर्सातील वस्तीत बंदिस्त केलेल्या आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून १८ जुलै १९४२ रोजी यानुश कोर्चाक यांनी करवून घेतला, ही घटना प्रसिद्ध आहे. ते बालरोगतज्ज्ञ होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते आणि ती मुले त्रेब्लिन्काच्या छावणीकडे नेली गेली. मुलांना मृत्यूकडे शांतपणे पाहता यावे म्हणून त्यांनी हे नाटक निवडले, असे सांगितले जाते. तसे असेलही. पण आपल्या भाषेत नाटकाच्या प्रयोगाला ‘खेळ’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि मला वाटते की तो शब्द येथे अधिक नेमका आहे. त्या संध्याकाळी ती मुले मरणाची तयारी करत होती की नाही हे मोठ्यांनी ठरवलेले. मुले मात्र खेळ करत होती.

मराठीत अलीकडच्या काळात या विषयाला धीटपणे भिडणारी कृती म्हणजे संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीला मिळाले ते याच चित्रपटामुळे. कोकणातील एका लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढतात आणि शहर दाखवून आणतात. रुग्णालयात गोंधळ उडतो. नियम मोडणारा हा म्हातारा मुलाला रुग्ण म्हणून नव्हे, तर मूल म्हणून वागवतो, म्हणून तो प्रेक्षकाच्या मनात राहतो. माझा आक्षेप चित्रपटावर नाही. त्याची गोष्ट एका दिवसाची आहे आणि ती तशीच असायला हवी. पण आपल्याला अशा गोष्टींत शेवटचा दिवसच का आवडतो, हा प्रश्न उरतो. आमच्यासारख्या घरांना एक दिवस मिळत नाही; नऊशे दिवस मिळतात. त्यांतले बहुतेक साधे मंगळवार-बुधवार असतात. त्या दिवसांचे काय करायचे, याबद्दल करुणरस मौन पाळतो.

मैदानावरच्या मोठ्या माणसांची भाषा या परंपरेतूनच आलेली आहे. पहिल्या दिवशी बाकावरच्या एका आजींनी लेकीच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून विचारले, “नवस होता व्हय गं?” मी खरे सांगितले. आजी गप्प झाल्या, मग त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या एका बाईंनी आपल्या नातवाला हळूच जवळ ओढून घेतले. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे त्यांना समजावण्याचे त्राण त्या दिवशी माझ्यात नव्हते. तिसऱ्या म्हणाल्या, “वाघीण आहे तुमची मुलगी, जिंकणार बघा ती.” हे सर्व सद्‌भावनेने बोलले जाते. सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’मध्ये कर्करोगाला चिकटलेल्या युद्धाच्या भाषेवर आक्षेप घेतला, तो मी पूर्वी वाचला होता, बाकावर बसून तो नव्याने समजला. आपली वृत्तपत्रे ‘मृत्यूशी झुंज अपयशी’ असे छापतात. औषध लागू पडणे न पडणे हे ज्या पेशींवर अवलंबून असते, त्यांना मुलाच्या शौर्याशी कर्तव्य नसते. जी मुले जातात ती कमी शूर होती काय? आणि साडेपाच वर्षांच्या मुलीला वाघीण होण्याचे काम नेमून देणारे आपण कोण? तिला तर झोपाळा हवा असतो.

झोपाळ्याचीच एक गोष्ट सांगते. ती माझ्याच चुकीची आहे. त्या दिवशी शाळांना सुट्टी असल्याने चारलाच सहा-सात मुले आली होती. दोन झोपाळे, आणि लेक रांगेत पाचवी. तिला फार वेळ उभे राहवत नाही हे मला दिसत होते. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, “हिला आधी बसू द्या रे, हिला बरं नाहीये.” झोपाळ्यावरचा मुलगा तत्क्षणी उतरला. सगळी मुले बाजूला झाली. लेक जागची हलली नाही. मग ती वळून बाकापाशी आली आणि म्हणाली, “माझा नंबर नव्हता.” घरी जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

मला ते कळायला रात्र जावी लागली. रुग्णालयात तिला पुष्कळ नंबर आहेत. फाइलचा नंबर, खाटेचा नंबर, रक्त तपासणीच्या नळीवरचा नंबर. ते सगळे इतरांनी दिलेले. झोपाळ्याचा नंबर तेवढा तिने स्वतः जाऊन लावला होता. त्या रांगेत ती पाचवी मुलगी होती, बाकी काही नव्हती. मी माझ्या दयेने तिला रांगेतून बाहेर काढले. सहानुभूती माणसाला पुढे नेते आणि त्याच वेळी वेगळे पाडते, हे तिने तीन शब्दांत सांगितले.

पुढे काही आठवड्यांनी तिच्या पायांत थोडी शक्ती आली. येथे कुंपणाकडच्या सदाफुलीचा उल्लेख करायला हवा. तिला शिरेतून दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच झाडापासून मिळते. १९६०च्या दशकापासून ते या आजाराच्या उपचाराचा भाग आहे. झाड विषारी, म्हणून तर औषधी. हेच औषध नसांवर परिणाम करते, पायांतली ताकद कमी करते. धावताना मूल अडखळते. तरीही एके दिवशी तिने पकडापकडीत यायचे म्हटले. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी तेथील सगळ्यांची म्होरकी आहे. तिने लेकीला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि निकाल दिला, “ही कच्चा लिंबू.”

कच्चा लिंबू किंवा लिंबूटिंबू ही आपल्या अंगणांतली फार जुनी सोय आहे. जे मूल लहान आहे, दुबळे आहे, ते खेळात असते, धावते, ओरडते, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. कोणत्याही नियमावलीत न लिहिलेला हा नियम मुलांनी शोधला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला. दुबळ्याला दाराबाहेर न ठेवता आत घेण्याची ही रीत मला अमलच्या खिडकीपेक्षा कितीतरी पुढची वाटते. लेकही पहिले काही दिवस खूश होती. मग एका संध्याकाळी ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, “मला राज्य पाहिजे.”

मी बाकावरून उठले होते. यावेळी स्वतःला आवरले. मुलांची चर्चा झाली. ही कोणाला पकडूच शकणार नाही, मग खेळ पुढे कसा जाणार, ही अडचण खरी होती, आणि ती त्यांनी तिच्यासमोरच बोलून दाखवली. शेवटी म्होरकीने तोड काढली : हिच्यावर राज्य असेल तेव्हा बाकीच्यांनी लंगडी घालत पळायचे. दोन पाय टेकवले की बाद. खेळ सुरू झाला. सहा मुले एका पायावर उड्या मारत पळत होती आणि माझी लेक अडखळत त्यांच्या मागे होती. काही मिनिटांत तिने एकाला पकडले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी वाघीण म्हटले नाही. ज्याला पकडले त्याने कुरकुर करत राज्य घेतले, आणि सगळ्यांचे पाय पुन्हा जमिनीवर आले.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. मोठ्यांनी, म्हणजे मीही, आजारी मुलाला सवलत दिली ती त्याला खेळातून काढून. मुलांनी ती दिली ती खेळाचा नियम बदलून, आणि त्याचा भार स्वतःच्या पायावर घेऊन. पहिलीला दया म्हणतात. दुसरीला न्याय म्हणायला मला संकोच वाटत नाही. आजारपण म्हणजे बालपणाने घेतलेली ‘टाइमप्लीज’ नव्हे, की बरे झाल्यावर थांबला तेथून डाव पुन्हा सुरू करावा. पाचवे वर्ष एकदाच येते. ते या उपचारातच येऊन जाणार आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल : जंतुसंसर्गाचा धोका खरा आहे, आणि मैदानाच्या हौसेपायी जीव पणाला लावायचा काय? मुळीच नाही. आकडा खाली असतो त्या आठवड्यांत आम्ही फाटकाकडे फिरकत नाही. पण येथेही भार एकट्या आजारी घराने वाहायचा की सगळ्यांनी थोडा थोडा, हा प्रश्न आहेच. अशा मुलांना कांजिण्या आणि गोवर जिवावर बेतू शकतात. मागच्या महिन्यात शेजारच्या इमारतीतील एका ताईंचा फोन आला : “आज येऊ नका हं, आमच्या धाकट्याला कांजिण्या निघाल्यात, काल तो तिथंच खेळत होता.” मी तत्काळ डॉक्टरांना कळवले. इतक्या महिन्यांत मला ऐकायला मिळालेले सर्वांत प्रेमळ वाक्य ते. त्यात धीर नव्हता, आशीर्वाद नव्हता. त्यांनी लंगडी घातली होती, एवढेच.

संस्थांनाही हे करता येते. उपचारासाठी गावाहून मुंबईत येणाऱ्या कुटुंबांचे हाल परळच्या पदपथांवर आपण पाहत आलो आहोत. अशा कुटुंबांना उपचार संपेपर्यंत आसरा देणारी सेंट ज्यूड्सची केंद्रे २००६ साली सुरू झाली, आणि आसऱ्याबरोबर मुलांच्या खेळाची व शिक्षणाचीही सोय तेथे पाहिली जाते. खेळ हा मुलाचा हक्क असल्याचे १९८९च्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमात लिहिलेले आहे. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. त्या कलमात निरोगी मुलाचा, असे म्हटलेले नाही. एखाद्या उद्यानाचे फाटक आठवड्यातून दोन दिवस एक तास आधी उघडले, तर महापालिकेचे काही बिघडणार नाही, आणि त्या तासात कोण कोण बाहेर येते ते आपल्याला प्रथमच दिसेल.

राहिला साहित्याचा प्रश्न. ‘डाकघर’मधील एक पात्र मी मुद्दाम मागे ठेवले होते. ठाकुरदा हा म्हातारा फकिराचे सोंग घेऊन अमलकडे येतो आणि त्याला पक्ष्यांच्या क्रौंचद्वीपाच्या गोष्टी सांगतो. त्या घरात अमलच्या खेळात उतरणारा वयाने मोठा माणूस तोच. तो रडत नाही, उपदेश करत नाही. अमलच्या चालीने चालतो. आजारी मुलाविषयी लिहू पाहणाऱ्याने, माझ्या मते, त्याच्याकडून शिकावे. आपल्या दुःखाचे दोन्ही पाय घट्ट रोवून लिहिले, की मूल मागे पडते आणि राज्य सतत आपल्यावरच राहते. एक पाय उचलून धरला तर कदाचित त्याला आपल्याला पकडता येईल. हा लेखही सगळा आईच्या तोंडून आला आहे, हे मला दिसते; तो दोष मान्य आहे.

उद्या रक्ताची तपासणी आहे. आकडा बरा आला, तर परवा चारला पाच मिनिटे कमी असताना आम्ही फाटकापाशी असू. राज्य कोणावर, ते तेथे चकून ठरेल.